अक्षय्य तृतीयेचे पन्हे : दोन विकतच्या बाटल्या, एक घरचा गर आणि दोन तोटीचे माठ

पाहुण्यांसाठी कोणतेही पेय करताना करणाऱ्याला एक मोठी सोय असते. चमचाभर तळहातावर घेऊन ते चाखता येते आणि कमीजास्त झालेले तिथेच सावरता येते. अक्षय्य तृतीयेच्या पन्ह्याला ही सोय नाही. त्या दिवशी सकाळी मातीची नवी घागर पाण्याने भरून तिची पूजा होते, पितरांच्या नावाने पान वाढले जाते आणि पन्हे, चिंचवणी, आमरस हे सारे त्या पानावर पोहोचेपर्यंत घरातील कोणीही ते तोंडाला लावत नाही. नैवेद्य झाला की लगेच पंगत बसते, म्हणजे पन्ह्याची पहिली चव करणारी आणि पाहुणे एकाच वेळी घेतात. नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घरी यंदा या दिवशी बत्तीस माणसे जमणार होती. वर्ध्याहून आत्या येणार होत्या, पुण्याहून दीर आणि जाऊबाई मुलांना घेऊन येणार होते आणि नागपुरातलीच तीन घरे होती. इतक्यांसाठी अंदाजाने पन्हे करणे मला धोक्याचे वाटले. म्हणून चार दिवस आधी विकतच्या दोन बाटल्या आणि घरी काढलेला कैरीचा गर अशी तीन पन्ही एकाच मापाने करून सासूबाई आणि शेजारच्या काकूंसमोर ठेवली. त्या चाखण्यातून आणि पुढे प्रत्यक्ष पंक्तीतून जे कळले, ते पुढच्या वर्षी असाच घाट घालणाऱ्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली बाटली एका मोठ्या कंपनीचे कैरी पन्हे सिरप होते. ७५० मिलिलीटरची ती बाटली मला १६५ रुपयांना मिळाली. एका भागाला पाच भाग पाणी घालावे असे तिच्यावर छापले होते, म्हणजे एका बाटलीत साडेचार लिटर पन्हे, अर्थात २०० मिलिलीटरचे बावीस पेले. हिशेबाने ही बाटली अतिशय सोयीची ठरते. झाकण उघडून मोजून पाणी घातले की पन्हे तयार होते, गाळावे लागत नाही आणि तळाशी काही बसत नाही. मात्र सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवून म्हणाल्या, "अगं, हे तर नुसतं गोडच लागून राहिलं आहे. कैरी कुठे आहे यात?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर बाटलीवरच छापलेले होते. घटकांच्या यादीत साखर पहिली होती, आणि ज्याचे प्रमाण सर्वांत जास्त ते या यादीत आधी लिहिले जाते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार फळांच्या सरबतात किंवा सिरपमध्ये फळाचा रस वा गर किमान २५ टक्के असावा लागतो आणि विद्राव्य घटक, ज्यांत मुख्यतः साखरच असते, किमान ६५ टक्के असावे लागतात. स्क्वॅशमध्येही फळ किमान २५ टक्केच लागते, परंतु विद्राव्य घटक ४० टक्के असले तरी चालतात. म्हणून दुकानात शेजारी ठेवलेल्या सिरप आणि स्क्वॅश या दोन बाटल्यांत पाहुण्यांसाठी निवड करायची झाल्यास मी स्क्वॅश घेईन, कारण त्यात गोडी आपल्या हाती राहते. माझ्या बाटलीत गर नेमका २५ टक्के होता. त्यात पाचपट पाणी पडले की पेल्यात कैरी साधारण चार टक्के उरते. ती जिभेला सापडली नाही यात सासूबाईंचा दोष नव्हता.

दुसरा आक्षेप रंगाचा आहे. बाटलीतले पन्हे कोवळ्या पोपटी रंगाचे होते आणि मुलांना ते आवडण्यासारखे होते, परंतु शिजवलेल्या कैरीचे पन्हे हिरवे नसते. कैरीतील हरितद्रव्य तिच्याच आंबट रसात शिजले की त्याचा हिरवेपणा जातो आणि गर पिवळट, किंचित मातकट होतो. त्यात गूळ पडला की तो मधासारखा दिसू लागतो. पन्हे हिरवेगार दिसत असेल तर रंग वरून घातलेला आहे असे समजावे आणि यादीत तो शोधावा. परिरक्षकही, म्हणजे पेय टिकवणारी रसायनेही, तेथेच पाहावीत. क्रमांक २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट आणि २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. दोन्ही ठरलेल्या मर्यादेत चालतात, परंतु सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो आणि आमच्याकडे एक भाचा दम्याचा आहे, म्हणून मी ते आवर्जून पाहते.

दुसरी बाटली एका महिला बचत गटाच्या विक्री केंद्रातून आणलेला गुळाचा पन्हे-गर होता. ७०० मिलिलीटरला १९० रुपये पडले. एकास चार पाणी, म्हणजे सतरा पेले. झाकण उघडताच वेलदोड्याचा वास आला आणि पेल्यात कैरीचे बारीक तंतू दिसले, तेव्हाच काकूंचा चेहरा खुलला. चव खरोखरच घरची होती. आंबटपणा आधी लागत होता आणि गुळाची गोडी मागून येत होती. दोन गोष्टी मात्र खटकल्या. गूळ नीट गाळलेला नसल्यामुळे पेल्याच्या तळाशी कचकच उरत होती, ती पातळ फडक्यातून गाळल्यावर गेली. आणि मीठ अगदी नावापुरते होते, ते मी वाढवले. या गरात परिरक्षक नव्हता, त्यामुळे बाटली उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी लागते. मी चाचणीसाठी काढून ओट्यावर विसरलेला अर्धी वाटी गर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फसफसू लागला होता. एप्रिलअखेरच्या नागपूरमध्ये, जेथे पारा ४० अंशांपलीकडे सहज जातो, ओट्यावर ठेवलेल्या कोणत्याही गुळाच्या पेयाचे हेच होणार.

तिसरा गर मी स्वतः केला. कॉटन मार्केटमधून दोन किलो कैऱ्या आणल्या. तेथे या दिवसांत तोतापुरी आणि गावरान अशा दोन्ही मिळतात. तोतापुरीचा गर भरपूर निघतो आणि सोलायला सोपी असते, पण आंबटपणात ती कमी पडते. गावरान कैरी आंबट असते, पण तिच्यात दशा, म्हणजे तंतू, फार. म्हणून मी दोन्ही निम्म्या निम्म्या घेतल्या आणि हा मेळ इतका चांगला जमला की पुढेही तोच ठेवीन. कैऱ्या धुऊन, डेखाकडचा चीक काढून टाकण्यासाठी तासभर पाण्यात ठेवून, कुकरमध्ये दोन शिट्ट्या दिल्या. निवाल्यावर साल काढून कोय हाताने कुस्करली आणि गर स्टीलच्या चाळणीतून घासून घेतला. दोन किलोंमागे सव्वा किलोच्या आसपास गर निघाला. त्याला दीडपट वजनाचा गूळ घेतला. गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून आधी गाळला आणि मगच गरात मिसळला. फार पिवळा, चकचकीत गूळ घेऊ नये. तो रंग पुष्कळदा रसायनाने उजळवलेला असतो. उलट फार काळा गूळ घेतला तर पन्हे काकवीसारखे लागते. चिकीचा गूळ यासाठी मुळीच नको, तो लवकर विरघळत नाही.

हे सारे स्टीलच्याच भांड्यात करावे, हे मुद्दाम सांगते, कारण सणाच्या दिवशी माळ्यावरची पितळेची पातेली खाली काढण्याचा मोह होतो. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात कैरी, चिंच, ताक यांपैकी काहीही ठेवले की ते कळकते, आणि असे पेय केवळ बेचव होत नाही तर पोटालाही बाधते. आमच्याकडे पितळेच्या पातेल्यात पुरण शिजते. पन्ह्याला ते कधीच लावले जात नाही.

गूळ मिसळलेल्या या घरच्या गरात कैरीचा वाटा सुमारे चाळीस टक्के होता. चौपट पाणी घातल्यावर पेल्यात तो आठ टक्क्यांच्या घरात राहतो, म्हणजे कंपनीच्या बाटलीच्या जवळजवळ दुप्पट. खर्च म्हणाल तर कैऱ्या आणि गूळ मिळून अडीचशे रुपयांच्या आत राहिला आणि त्यात बारा लिटर, म्हणजे साठ पेले पन्हे झाले. वेळ दीड तास गेला आणि त्यातला अर्धा कुकर निवण्याची वाट पाहण्यात गेला. काचेच्या कोरड्या बरणीत हा गर फ्रिजमध्ये चार दिवस उत्तम राहिला. घरच्या पन्ह्याचा त्रास फार असतो असे माझ्या जावांच्या पिढीत सारखे ऐकू येते. माझ्या मते तो त्रास सणाच्या सकाळी पन्हे करायला घेतल्यामुळे होतो. चार दिवस आधी निवांतपणे केले तर ते इतर कोणत्याही पदार्थाहून सोपे आहे.

चाचणीत सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दुसऱ्या फेरीत कळली. पहिल्या फेरीत साध्या पाण्यातले पन्हे चाखून आम्ही प्रमाण ठरवले होते. तेच पन्हे फ्रिजमध्ये दोन तास ठेवून पुन्हा चाखले तर ते फिके आणि अधिक आंबट वाटले. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून ज्या थंडाव्याने पाहुण्यांना द्यायचे त्याच थंडाव्याने चाखल्याशिवाय पन्ह्याचे प्रमाण ठरवू नये. त्यात बर्फ टाकायचा असेल तर तो वितळून पडणारे पाणीही हिशेबात धरावे लागते. आम्ही शेवटी एका भागाला साडेतीन भाग पाणी आणि पाच लिटर तयार पन्ह्याला दोन लहान चमचे मीठ असे ठरवून ते सासूबाईंच्या वहीत लिहून ठेवले. मिठाला मी इतके महत्त्व देते याचे कारण आमची हवा आहे. भर दुपारी महालातल्या अरुंद गल्लीतून चालत आलेल्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी गेलेले असते तसे मीठही गेलेले असते, आणि नुसत्या गोड सरबताने ते भरून निघत नाही.

बर्फाबाबत मी फार काटेकोर आहे. बाजारातील लादीचा बर्फ बहुधा मासे, भाजी वा यंत्रे थंड ठेवण्यासाठी केलेला असतो. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तरीही पांढरा दिसणारा प्रत्येक बर्फ पिण्यायोग्य असतो असे धरून चालता येत नाही. म्हणून मी पातळ केलेले पन्हेच ट्रेमध्ये गोठवले आणि तेच खडे पेल्यात टाकले. ते वितळले तरी पन्हे पातळ होत नाही, आणि मुलांना ते चोखायला इतके आवडले की दोन ट्रे लगेच संपले.

आता माठांविषयी. पाण्याचे वीस लिटरचे थंड जार मागवणे सोपे होते, पण घागर भरण्याच्या सणाला पाहुण्यांनी प्लास्टिकच्या जारातून पाणी प्यावे हे मला पटले नाही. म्हणून रस्त्याकडेच्या दोन कुंभारांकडून पंधरा लिटरचे दोन तोटीचे माठ घेतले. एक साधा लाल, दुसरा वरून तैलरंगाची वेलबुट्टी काढलेला. दोन्ही माठ एक दिवस पाण्याने भरून ठेवले, साबण न लावता नारळाच्या शेंडीने घासले आणि ओसरीवर सावलीत, वारा लागेल असे तिवईवर मांडले. साध्या माठातले पाणी सकाळपर्यंत छान गार झाले. रंगवलेल्या माठातले मात्र नळाच्या पाण्यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. याचे कारण उघड आहे. माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते आणि त्याचे बाष्प होताना आतल्या पाण्याची उष्णता खेचून घेतली जाते. तैलरंगाने छिद्रे बुजली की माठ म्हणजे नुसते मातीचे भांडे उरते. दिसायला तो फार सुंदर होता आणि मी त्यासाठी दीडशे रुपये जास्त मोजले होते, म्हणून वाईट वाटले. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे चांगला माठ येथे उत्तम काम करतो. दमट हवेच्या गावी तो इतका गार करणार नाही, आणि आपल्याकडेही पावसाळ्यात करत नाही.

तोटीच्या माठाच्या आणखी दोन मर्यादा पंक्तीच्या दिवशी लक्षात आल्या. तोटी तळापासून चार बोटे वर असते, त्यामुळे शेवटचे दोन-अडीच लिटर पाणी माठ तिरपा केल्याशिवाय येत नाही. आणि बत्तीस माणसांत पंधरा लिटर पाणी तासाभरातच संपते. पुन्हा भरलेले पाणी गार व्हायला कित्येक तास लागतात. म्हणून दोन साधे माठ आणि शिवाय फ्रिजमधल्या काही बाटल्या अशी तयारी हवी. साध्या माठात मी वाळ्याची लहान पुरचुंडी सोडली होती. हा वाळा इतवारीतील जडीबुटीच्या दुकानातून घ्यावा, कूलरच्या ताट्यांसाठी विकला जाणारा वाळा पिण्याच्या पाण्यात घालू नये. पुरचुंडी रोज धुऊन उन्हात वाळवली तर आठवडाभर वास देते.

पन्हे मात्र माठात कधीही भरू नये. एका नातेवाइकांनी तसे सुचवले होते आणि कल्पना ऐकायला छान वाटते, परंतु माती ते शोषून घेते, गूळ छिद्रांत जाऊन बसतो आणि तो माठ पुढे पाण्याच्याही उपयोगाचा राहत नाही. पन्ह्यासाठी मी तोटी असलेला, थंडावा टिकवणारा दहा लिटरचा कॅम्पर वापरला. आत पन्ह्याचे गोठवलेले खडे घालून झाकण घट्ट लावले होते, त्यामुळे ते चार तास गार राहिले. तोटीत कैरीचे तंतू अडकू नयेत म्हणून पन्हे गाळूनच भरावे लागते.

चिंचवणी आमच्याकडे नैवेद्याला वाटीत वाढली जाते, पेल्यात दिली जात नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी चाचणी केली नाही. ताक मात्र भरपूर ठेवले होते, कारण आत्यांना मधुमेह आहे. त्यांना गुळाचे पन्हे चालेल असे कोणीतरी म्हणाले, पण रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळही साखरच आहे आणि पाहुणचाराच्या भरात हे विसरू नये. त्यांच्यासाठी गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजलेल्या कैरीचे, भाजलेले जिरे, पादेलोण आणि पुदिना घातलेले बिनगुळाचे पन्हे वेगळ्या भांड्यात केले. ते इतके खमंग झाले की पुण्याच्या जाऊबाईंनीही तेच मागून घेतले.

पुण्याच्या मुलांना मात्र नागपूरला आल्यावर संत्र्याचा रस हवा होता. मृग बहाराची शेवटची संत्री अजून मिळत होती, म्हणून सकाळीच मिक्सरमधून रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी तो कडू झाला होता. हा दोष संत्र्यांचा नाही. नागपुरी संत्र्याचा रस काढला की त्याच्यातील एका घटकाचे आंबट रसात हळूहळू लिमोनिन बनते आणि कडवटपणा काही तासांनी वर येतो. शिवाय मिक्सरमध्ये बिया फुटतात त्या वेगळ्याच. संत्र्याचा रस द्यायचा तर हाताच्या यंत्राने, बिया काढून, पाहुणा समोर बसलेला असताना काढावा. बत्तीस माणसांच्या पंक्तीला तो जमणारा प्रकार नाही आणि मी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही.

नैवेद्य झाला, पंगत बसली आणि पन्ह्याचा पहिला पेला आत्यांच्या यजमानांनी घेतला. त्यांनी काही न बोलता पेला पुन्हा पुढे केला. मी लगेच स्वतः एक घोट घेतला. आम्ही ठरवलेल्या प्रमाणापेक्षा तसूभरही वेगळी चव नव्हती. चारपर्यंत घरचे पन्हे संपले. संध्याकाळी दर्शनाला येणाऱ्यांसाठी बचत गटाच्या आणखी दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. त्या गाळून, मीठ वाढवून दिल्या, तेव्हा एकाही पाहुण्याला पन्हे बदलले आहे हे कळले नाही. ती बाटली मी पुन्हा नक्की घेईन आणि ज्यांना घरी गर काढणे शक्यच नाही त्यांनीही निःशंकपणे घ्यावी. कंपनीच्या सिरपची उरलेली बाटली आम्ही टाकली नाही. तिच्यात लिंबाचा रस आणि मीठ घालून ती मुलांसाठी बर्फाच्या कांड्यांना वापरली आणि त्या कामी ती चांगली आहे. रंगवलेल्या माठात आता अंगणातल्या तुळशीसाठी पाणी भरून ठेवतो. साध्या माठाच्या तोटीचे वॉशर तिसऱ्या दिवशी गळू लागले होते. हार्डवेअरच्या दुकानातून दहा रुपयांचे रबरी वॉशर आणून बसवल्यापासून ओसरीवर एक थेंबही सांडलेला नाही.